सोलापूरहून एव्हरेस्ट बेस कॅम्प: मित्रांसोबत जाताना उंचीशी कसं जुळवून घ्यावं

एव्हरेस्ट बेस कॅम्पला (5364 मीटर) जायचं ठरलं की ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा बुटांची आणि जॅकेटची होते. त्या याद्या कुठेही मिळतात, इथे देत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे. आपल्याला वर अडवते ती उंची, आणि नेमके तिच्याबद्दलच सगळ्यात वाईट सल्ले फिरत असतात.

निघण्याआधी

पार्क स्टेडियमला चकरा मारून दम वाढतो, मांड्या तयार होत नाहीत. जिने चढा. सात-आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन आठवड्यातून तीन दिवस, किमान तीन महिने. उतरतानाही तेवढंच लक्ष द्या, कारण गुडघे उतारावर जातात. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांना लांब चालायची सवय असतेच, ती वर फार उपयोगी पडते. जमलं तर महिन्यातून एकदा सिंहगड किंवा राजगड करा.

हंगाम दोन: ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई किंवा कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून विमानाने काठमांडू. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं. आधार कार्डावर विसंबू नका. पायी वाट सुरू होते ती लुक्लाहून, तिथपर्यंत छोट्या विमानाने जायचं. हंगामात लुक्लाची बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा रस्ता. विमानात माणशी साधारण 15 किलोच सामान चालतं.

सोलापुरी चादर घरीच राहू द्या. ती सुती आहे, दमट झाली की त्या थंडीत वाळत नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र भरपूर न्या. चार हजार मीटरच्या वर भूक मरते, डाळ-भातही नकोसा होतो, तेव्हा तिखट चटणीवर दोन घास जास्त जातात. हे मी सोबत आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत पाहिलं आहे.

उंची: इथे घाई चालत नाही

प्राणवायूचं प्रमाण वरही 21 टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे बेस कॅम्पवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच प्राणवायू मिळतो. शरीर मग श्वास जलद करतं. त्याने रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल ढळतो आणि तो सावरायचं काम मूत्रपिंडं करतात. त्यांना काही दिवस लागतात, आणि रोज व्यायाम करणाऱ्याची मूत्रपिंडं हे काम लवकर उरकत नाहीत. म्हणून मॅरेथॉन धावणारा वाटेतल्या नामचे गावातच आडवा होतो आणि पोट सुटलेला मित्र सावकाश वर पोचतो. ‘मी फिट आहे, मला काही होणार नाही’ असं म्हणणाऱ्याकडे ग्रुपने जास्त लक्ष ठेवावं.

नियम साधा आहे. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र जादा, त्याच गावात. दिवसा वर जाऊन झोपायला खाली आलं तर आणखी चांगलं. आता मुक्काम बघा: फाकडिंग 2610, नामचे 3440, तेंगबोचे 3860, दिंगबोचे 4410, लोबुचे 4940, गोरकशेप 5164. फाकडिंग ते नामचे ही एका दिवसात आठशे मीटरची उडी आहे, म्हणून नामचेत दोन रात्री काढायच्याच. दिंगबोचेतही दोन. जादा दिवशी लोळत पडू नका. नामचेहून स्यांगबोचेच्या बाजूला 3800 मीटरपर्यंत चढा, दिंगबोचेत गावामागच्या डोंगरावर जा आणि परत या.

हे जादा दिवस कापलेली पॅकेजं स्वस्त पडतात आणि नोकरदार मित्र त्यांना भुलतात. असं पॅकेज घेऊ नका. रजा पुरत नसेल तर अन्नपूर्णा बेस कॅम्प (4130 मीटर) करा, तोही सुंदर आहे. एव्हरेस्ट पुढच्या वर्षी.

मला स्वतःला दिंगबोचेची पहिली रात्र फार जड गेली. डोळा लागला की श्वास काही क्षण थांबायचा आणि धाप लागून जाग यायची. उंचीवर हे बऱ्याच जणांना होतं. एवढंच असेल तर घाबरू नका. पण डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, गरगर, अन्नावरची वासना जाणं किंवा विचित्र थकवा, यातलं काहीही आहे, तर ती उंचीची बाधा समजा. ‘ऊन लागलं असेल’, ‘काल जेवण बाधलं असेल’ असली कारणं शोधू नका. अशा वेळी त्या गावातून वर एक पाऊलही टाकायचं नाही. डोकेदुखीची गोळी घ्या, पाणी प्या, थांबा. बरं वाटलं तर पुढे. दिवसभरात उतार पडला नाही किंवा त्रास वाढला, तर खाली.

तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता आहे. याची परीक्षा सोपी आहे. लॉजच्या जेवणघरात लाकडी फळ्यांची जमीन असते. दोन फळ्यांमधल्या रेषेवर मित्राला टाचेला बोट लावत चालायला सांगा, हात न पसरता, दहा-बारा पावलं. रेष सोडून पाय बाहेर पडत असतील तर सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी सोबत देऊन लगेच खाली न्यायचं, तीनशे ते हजार मीटर, बरं वाटेपर्यंत. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकल्यातून गुलाबीसर फेस येणं ही फुफ्फुसात पाणी झाल्याची खूण, तिथेही हेच. ऑक्सिजन किंवा हेलिकॉप्टर मिळालं तर उत्तम, पण त्यांची वाट बघत वरच बसून राहू नका. हंगामात दिंगबोचेजवळच्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं उपचार केंद्र असतं, तिथल्या डॉक्टरांना शंका खुशाल विचारा.

डायमॉक्सबद्दल. ही गोळी मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं काम लवकर करवते. ती लक्षणं झाकते ही अफवा आहे. प्रतिबंधासाठी मोठ्यांना सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून देतात; पण आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा, आणि सोलापुरातच दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, ते अपेक्षित आहे. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. लसणाचं सूप गरम आहे म्हणून प्या. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आला म्हणून डोकं दुखणाऱ्याला वर ढकलू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या परतीपर्यंत बंद.

मित्रांशी सोलापुरातच बोलून घ्या

मित्रांच्या ग्रुपमध्ये खरा धोका लपवण्याचा असतो. ‘काय नाही बे, झोप झाली नाही जरा,’ असं म्हणत माणूस दोन दिवस डोकेदुखी घेऊन चढत राहतो, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा ट्रेक मोडायला नको. म्हणून निघण्याआधी एकत्र बसा आणि जोड्या लावा: कोण आजारी पडलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार, नावानिशी. आजाऱ्याला एकटं खाली पाठवायचं नाही. परत फिरण्यापुरते नेपाळी रुपये प्रत्येकाच्या खिशात वेगळे हवेत, सगळे पैसे एकाकडे नकोत. विम्यात 5500 मीटरच्या वरची उंची आणि हेलिकॉप्टर दोन्ही आहे का, ते पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. रोज रात्री जेवणानंतर प्रत्येकाने डोकं, भूक आणि झोप याबद्दल खरं सांगायचं. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. गाइड ‘थांबा’ म्हणाला की थांबायचं, त्यावर मतदान नाही.

बाकीचं

याक आले की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही; ते पाहायचं तर गोरकशेपहून पहाटे काला पत्थर नावाचा डोंगर चढा. उतरताना काठ्या वापरा. लुक्लाला ढग आले की विमानं बंद पडतात, कधी सलग दोन-दोन दिवस, म्हणून काठमांडूहून परतीचं विमान आणि पुढचं सोलापूरचं रिझर्व्हेशन दोन दिवस मोकळे ठेवूनच काढा, आणि ऑफिसात रजाही तेवढीच टाका.