व्हॉल्व्हच्या काळवंडलेल्या पिना

महाल भागातल्या आमच्या घरी मामंजींचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, रेडिओ कित्येक वर्षं खिडकीतल्या कूलरसमोर होता. नागपूरचा मे, चिंब ताट्या आणि ती ओली हवा थेट रेडिओच्या मागच्या जाळीतून आत. व्हॉल्व्हच्या बुडाच्या पिना काळ्या पडणार नाहीत तर काय! आवाज खरखरायचा, वरून थाप मारली की सुधारायचा. थापेनं सुधारतो म्हणजे व्हॉल्व्ह बहुधा गेलेला नसतो. पीन आणि सॉकेटचं पटत नसतं.

आधी प्लग काढा. तरीही आतल्या, वीज साठवून ठेवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये 250 व्होल्टच्या आसपास दबा धरून बसलेले असू शकतात. 10 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी कपॅसिटरच्या दोन टोकांना काही सेकंद लावा, मग मीटरनं तपासा. हे कधी केलं नसेल तर जाणत्या मेकॅनिकला शेजारी बसवा.

व्हॉल्व्ह पूर्ण गार होऊ द्या. काढायच्या आधी फोटो घ्या, कारण नऊ पिनांचे वेगवेगळे व्हॉल्व्ह एकमेकांच्या सॉकेटमध्ये बिनबोभाट बसतात. सरळ वर ओढा, पिळू नका. मी एक ईएल84 जातीचा व्हॉल्व्ह पिळला आणि बुडाच्या काचेला केसाएवढी चीर गेली. आतला चंदेरी लेप दुधासारखा पांढरा झाला. हवा शिरली, खेळ संपला.

बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन पिनेवर चिकटून राहतं. कापसाची काडी जेमतेम ओली करून एकेक पीन उभी पुसा. काचेवरच्या नंबराला बोटसुद्धा लावू नका; तो छाप फार हळवा असतो, पुसला की व्हॉल्व्ह अनामिक. काळेपणा हटत नसेल तर 1000 नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी पिनेभोवती दुमडून दोन-तीनदा हलकेच वरखाली. चकाकी आणायची नाहीये, भांडी घासत नाही आहोत आपण. स्टील वूल तर नकोच, त्याचा एक तंतू सॉकेटमध्ये राहिला की शॉर्ट. जुन्या आठ पिनांच्या जाड व्हॉल्व्हच्या पिना पोकळ असतात. त्यांचं टोकाचं डाग (सोल्डरिंग) सुटलं असेल तर पुसून काही होत नाही, पुन्हा डाग द्यावं लागतं.

खरी घाण मात्र सॉकेटमध्येच असते. मेडिकलमध्ये दातांच्या फटींसाठी मिळतो तो छोटा ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक भोकात फिरवा. पकड सैल वाटली तर सुईनं पत्रा जरासा आत दाबा. व्हॉल्व्ह दोन-तीनदा सरळ घाला-काढा. अल्कोहोल उडून जायला अर्धा तास द्या, मगच वीज.

आमचा रेडिओ आता देवघराजवळच्या कोनाड्यात आहे. कूलरशेजारून हलवला म्हणून मामंजी अजून कुरकुरतात. रेडिओ कुरकुरत नाही.