धरणावर भरीत पार्टीला जाताय? या चुका टाळा

दिवाळी सरली, भरताची वांगी बाजारात आली, की आमच्या जळगाव-भुसावळकडची माणसं धरणांकडे सुटतात. कुणी हतनूर, कुणी वाघूर. धुळ्याचे नकाणे तलावावर, शिरपूरचे करवंदला. गोणीभर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या), पाटीभर हिरवी लांबट वांगी, घरून बांधून आणलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. खाण्याचा बेत सहसा फसत नाही. फसवतो तो काठ.

नदीचा किंवा गावतळ्याचा काठ आपल्या ओळखीचा असतो. धरणाचं तसं नसतं. पावसाळ्याअखेर ते तुडुंब असतं, मग रब्बीची आवर्तनं सुटतात, शहरांना पिण्याचं पाणी जातं, आणि मे उजाडेपर्यंत पाणी पार आत सरकलेलं असतं. मागच्या वर्षी जिथे सतरंजी टाकली ती जागा यंदा एक तर पाण्याखाली असेल, नाहीतर गाळात.

गाडी पार पाण्यापर्यंत नेणं ही सर्रास होणारी चूक. मीही केली आहे. पाणी ओसरलं की काळी माती वरून वाळते, भेगा पडतात आणि ती रस्त्यासारखी टणक दिसते. त्या पापुद्र्याखाली मात्र लोणी असतं. आमचं चाक रुतलं तसा मी जोरात अॅक्सिलरेटर दाबला, आणि गाडी थेट पोटावर बसली. मग पऱ्हाट्या आणून मागच्या चाकांखाली कोंबल्या. पंधरा मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं, की या गाडीची पुढची चाकं फिरतात! शेवटी ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी एवढंच म्हणाला, “भो, आधी पाय देऊन पाहेल नव्हतं का?”

तर आधी पाय देऊन पाहा. टाच जोरात आपटा, काठी खुपसा. ओली निघाली तर गाडी तिथेच थांबवा. रुतलीच तर सगळे खाली उतरा आणि स्टिअरिंग सरळ करा. जी चाकं फिरतात त्यांच्यापुढचा-मागचा गाळ उकरा, खाली पऱ्हाट्या आडव्या पसरा, त्या टायरांची हवा थोडी कमी करा आणि आल्या वाटेनेच, रिव्हर्समध्ये, अगदी सावकाश बाहेर काढा. दोर बांधायचा तो टोइंगच्या हुकाला, बंपरला नाही. वेडी बाभूळ या काठांवर माजलेली असते. तिचा काटा टायरात दिसला आणि हवा हळूहळू जात असेल, तर तो लगेच उपटू नका. आधी पंक्चरवाल्यापर्यंत पोचा.

“इथे गुडघाभरच पाणी आहे” या वाक्याने दरवर्षी माणसं बुडतात. धरणाचा तळ सपाट नसतो. बुडीत शेतांतल्या जुन्या विहिरी आत तशाच असतात. त्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेपासून, म्हणजे २०१७ नंतर, उन्हाळ्यात अनेक धरणांतला गाळ पोकलेनने उपसला जातो. गाळ शेतात जातो हे चांगलंच, पण पोकलेनचे उभ्या कडेचे खड्डे पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली दडतात. दोन पावलं गुडघाभर, तिसरं डोक्यावर. पोहता येणाऱ्यालाही गाळातून पाय सोडवता येत नाही.

कुणी बुडू लागलं तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दोर, साडी, बूच घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. बाहेर काढल्यावर उलटं धरून गरगरा फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे जुने प्रकार वेळ खातात. श्वास थांबला असेल तर पाठीवर झोपवा, तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. दुसऱ्याने तोवर १०८ लावावा.

पावसाळ्यात जाणारे आणखी एक गफलत करतात. आभाळ निरभ्र बघून धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रातल्या खडकांवर बसतात. आता हतनूरचं उदाहरण घ्या. तिथे तापीचं पाणी मुलताई-बैतुलाकडून येतं आणि पूर्णेचं अमरावती-अकोल्याकडून. दोघी चांगदेवला भेटतात. म्हणजे भुसावळात ऊन पडलेलं असतानाही हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडू शकतात. भोंगा वाजला, पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा काडीकचरा वाहून येऊ लागला, की सामान सोडा आणि वर चढा. ज्या बाजूला आहात त्याच बाजूला. चपला पलीकडे राहिल्या म्हणून पात्र ओलांडायचं नाही.

चूल मांडताना वर बघा. मोठ्या झाडावर किंवा भिंतीच्या कपारीत आग्या मोहोळ असेल, तर पऱ्हाट्यांचा धूर त्याला नक्की उठवतो. माश्या उठल्या तर तोंड उपरण्याने झाकून पळा, गाडीत शिरून काचा लावा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत राहतात. काटे नखाने लगेच खरवडून काढा; चेहरा सुजला किंवा दम लागला तर सरळ दवाखाना. आणि निखाऱ्यांवर नुसती माती लोटून निघू नका. ते आत धगधगत राहतात आणि मागून येणारं अनवाणी पोर त्यावर पाय देतं. पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता.

ज्यांचा जीव पक्ष्यांत आहे त्यांची तक्रार वेगळीच: “फोटो काळे येतात.” हिवाळ्यात हतनूरला पट्टकदंब, चक्रवाक येतात आणि मंडळी ऊन तोंडावर घेऊन उभी राहतात. सकाळी पूर्वेचा काठ धरा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील. थवा जवळून टिपायला पाण्याकडे चालत जाऊ नका; तो उडेल आणि तुम्ही रुताल. एका जागी बसा, थोड्या वेळाने तेच सरकत जवळ येतात. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग लेन्स कितीही महागडी असो, फोटो धूसरच येतो. साडेनऊ-दहाला कॅमेरा पिशवीत घाला आणि पऱ्हाट्या पेटवा.