परदेशातल्या कोर्टाचं घटस्फोटाचं समन्स आलं तर

लग्न साताऱ्यात, संसार चार वर्षं न्यू जर्सीत, मग बाई मुलाला घेऊन माहेरी आली आणि एक दिवस तिकडच्या कोर्टाचा लिफाफा दारात. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्या अशा बाईने काय करावं, ते क्रमाने सांगतो.

१. लिफाफा, कुरियरची पावती, ईमेल, सगळं जपून ठेवा आणि मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. न्यू जर्सीत उत्तराला ३५ दिवस मिळतात. शिवाय समन्स बजावण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय हेग करारानुसार परदेशी समन्स आपल्या केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत बजावायला हवं. थेट टपालाने पाठवण्याला भारताची हरकत आहे. हा मुद्दा वकिलाला आधी सांगा.

२. खरी गफलत उत्तर देताना होते. काहीजणी "तिकडचं कोर्ट माझं काय करणार" म्हणून गप्प बसतात, काहीजणी घाबरून सगळी कहाणी लिहून पाठवतात. दोन्ही महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव प्रकरणात मिसुरीतला घटस्फोट मान्य केला नाही. लग्न तिरुपतीला झालेलं, घटस्फोटाचं कारण 'संसार मोडलाय, जुळणार नाही' एवढंच, आणि ते हिंदू विवाह कायद्यात नाही. बायकोने उत्तर पाठवलं होतं, पण निषेध नोंदवून. म्हणून ती त्या कोर्टाला शरण गेली असं धरलं गेलं नाही. याउलट, तुम्ही आपणहून तिथे वाद लढवलात आणि कारण क्रूरतेसारखं आपल्या कायद्यातलं असलं, किंवा संमतीच्या कागदावर सही केलीत, तर तो हुकूम इथेही लागू होऊ शकतो. तेव्हा त्याच राज्यातल्या वकिलाकडून आधी फक्त अधिकारक्षेत्राची हरकत घ्या, म्हणजे 'हा खटला चालवायचा या कोर्टाला अधिकारच नाही' एवढंच म्हणा. गप्प राहिलात तर हुकूम एकतर्फी होतो. इथे तो टिकला नाही, तरी तिकडचं घर आणि बँकखाती त्याच हुकुमाने वाटली जातात.

३. इथे अर्ज करा. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३ च्या दुरुस्तीमुळे बायको राहते तिथल्या फॅमिली कोर्टात दावा चालतो. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे (जुनं १२५). २०२० पासून दोघांनाही मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवऱ्याच्या पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न असतील तर आताच प्रती काढा. जॉइंट खात्याचा पासवर्ड आठवडाभरात बदलतो, हा माझा अनुभव.

४. मूल भारतात आणलं म्हणजे ताबा मिळाला, असं नाही. मुलांना पळवून नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, पण बाप उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस (मुलाला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज) दाखल करू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नित्या आनंद राघवन प्रकरणात मुलीला आईकडे ठेवलं, तर २०१९ मध्ये लहरी सखामुरी प्रकरणात मुलांना अमेरिकेत परत धाडलं. दोन्ही वेळी कसोटी मुलाच्या हिताची होती. त्यामुळे शाळेचे दाखले, लसीकरणाची कार्डं, आजी-आजोबांकडचा दिनक्रम यांची फाइल तयार ठेवा, आणि बापाशी व्हिडिओ कॉल बंद करू नका. कोर्ट ते बघतं.

५. दोघांनाही सुटायचंच असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली इथेच परस्परसंमतीने घटस्फोट घ्या. सहा महिन्यांची वाट कोर्ट माफ करू शकतं. नवऱ्याला विमानाने यायला लागेलच असं नाही. अपॉस्टिल केलेलं (म्हणजे दुसऱ्या देशात ग्राह्य धरलं जावं म्हणून सरकारी शिक्का घेतलेलं) कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सवर अनेक कोर्टं काम चालवतात.