पिल्लू घरी येण्याआधी जेवणाची तयारी

गादी, पट्टा, वाट्या तुम्ही घ्यालच, त्यावर वेळ घालवत नाही. कुत्र्याच्या पिल्लाला घरी शिजवून घालायचं ठरवलं असेल, तर सगळ्यात आधी कॅल्शियमची सोय करा. पिल्लू यायच्या आधी, आल्यावर नाही.

आमची बुंदी लालबागच्या घरी आली तेव्हा दोन महिन्यांची होती. पॉमेरियन, दोन्ही तळहातांत मावायची. मी रोज ताजं चिकन आणून उकडायचे, त्यात मऊ भात, किसलेलं गाजर, वरून चमचाभर दही. ताटली चाटूनपुसून लख्ख. चार महिन्यांची झाली आणि दिवाणावर उडी मारेनाशी झाली. मग पुढचा उजवा पाय टेकवेना, उचलून घेतलं की किंचाळायची. एक्स-रे उजेडासमोर धरला तर हाड कुठे संपतं आणि मांस कुठे सुरू होतं हेच मला कळेना, इतकी हाडं फिकी. डॉक्टरांनी एकच विचारलं, "कॅल्शियम काय देता?" मी म्हटलं, "दूध-दही देते की." त्यानंतर सहा आठवडे तिला पिंजऱ्यात जवळजवळ न हलवता ठेवावं लागलं. दुखणं गेलं, पण पाय थोडा वाकडाच राहिला.

म्हणून नीट वाचा. १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि कॅल्शियम १५ च्या आसपास. पिल्लाला कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने लागतं. ते जेवणातून आलं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं. चिकन कितीही ताजं आणा, मटण घाला, हा हिशेब बदलत नाही. दुधाने तो भरत नाही. तेवढं दूध पाजलं तर आधी पोट बिघडेल. "नाचणी देतोय ना," असं घरातलं मोठं माणूस म्हणेल. नाचणी चांगलीच, पण चिमूटभर पिल्लाच्या पोटात अशी किती जाणार?

एका अंड्याच्या टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक करता येतात. पण किती घालायचं ते डॉक्टरांकडून पिल्लाच्या वजनावर लिहून घ्या, कारण जास्त झालेलं कॅल्शियमही वाढत्या हाडांना वाईट. पिल्लांचं तयार संपूर्ण खाद्य देणार असाल तर त्यात ते असतंच, वरून घालू नका. डॉक्टरांना जस्त, आयोडीन आणि ड जीवनसत्त्वाचंही विचारा. उन्हात बसवून भागत नाही. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. ओळखीचे डॉक्टर नसतील तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे जनावरांचा दवाखाना, आहे. लिहून आणलेला कागद फ्रिजवर चिकटवा.

दुसरं, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. मुठीने, अंदाजाने घालू नका. मोठं झालेलं ५ किलोचं कुत्रं दिवसाला साधारण ३५० कॅलरीवर राहतं. एक पोळी १०० च्या आसपास. म्हणजे लाडाने टाकलेली एक पोळी हे त्याचं पाव दिवसाचं जेवण झालं, आणि त्या पोळीतही फारसं कॅल्शियम नाही! वरखाऊ सगळं मिळून दिवसाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. छोट्या जातीच्या पिल्लाला मात्र उपाशी ठेवायचं नाही, दिवसातून चार वेळा द्या. रक्तातली साखर झपकन उतरते, पिल्लू लटपटतं, कधी झटकाही येतो.

तिसरं, घरच्यांना एकदा बसवून सांगा. कांदा-लसूण अजिबात नाही. वाटणातला, रश्श्यातला, शिजलेला, कसलाच नाही. त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं नाहीत, बेदाणे नाहीत. गणपतीत प्रसादाचा शिरा येतो, त्यात बेदाणे असतात, आणि पाहुणे हौसेने भरवतात. चॉकलेट नाही, बिनसाखरेचं च्युइंगगम नाही. शिजलेलं हाड तर नाहीच, त्याच्या कपच्या आतड्यात रुततात. आणि हो, हाड चघळलं म्हणजे कॅल्शियम मिळालं, असंही कोणी समजू नये.

जिथून पिल्लू आणताय तिथे ते काय खात होतं ते विचारा आणि तेच आठवडाभर द्या. मग नवं खाणं पाव, अर्धं, पाऊण असं हळूहळू वाढवा. एकदम बदललंत तर जुलाब.

मासे दिलेत तर बांगडा, उकडून, काटे काढून. खारवलेले सुके मासे नकोत, मीठ फार. कलेजी आठवड्यातून एकदा, थोडीशी.

पावसाळ्यात कोरड्या खाद्याची मोठी पिशवी घेऊ नका. आपल्या हवेत बुरशी धरते. छोटी पिशवी, घट्ट झाकणाचा डबा, कुबट वास आला की फेकायचं. जंताचं औषध वेळेवर. पाणी रोज ताजं. दर आठवड्याला वजन, तारखेसकट लिहून.

कॅल्शियमची पूड भाताच्या डब्याशेजारीच ठेवा. कपाटात ठेवलीत की राहून जाते. शिजवताना घालायची नाही, ताटलीत वाढल्यावर मोजून घालायची, म्हणजे कोणी घातली आणि कोणी नाही हा गोंधळ होत नाही. आज घातली का?