कॉलेजच्या सेलिंग टीममधला पहिला सीझन

भो, टीममधे नाव लागलं की सगळे आधी शीड कसं ओढायचं तेच विचारतात, पण त्याआधी वारा ओळखायला शिका. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर उतरायच्या आधी पाच मिनिटं काठावर उभं राहायचं, केळीची पानं कुठल्या बाजूला वळतायत ते बघायचं, आणि पाण्यावर गडद सुरकुत्या पळत येताना दिसल्या की झोत आला समजायचं. वाऱ्याच्या तोंडावर बोट सरळ जात नाही, साधारण ४५ अंश बाजूला धरून नागमोडीच जावं लागतं, आणि वळताना डोकं खाली कारण बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, फार जोरात फिरतो.

बोट उलटली तर बोट सोडायची नाही, हे एवढं पाठच करा. माझी पहिल्यांदा उलटली तेव्हा मी घाबरून काठाकडे पोहायला लागलेलो, सिनियर दादा ओरडला म्हणून फिरलो. आधी शिडाची दोरी मोकळी सोडायची, बोटीचं नाक वाऱ्याकडे करायचं, मग सेंटरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातून बाहेर येणाऱ्या फळीवर, चढून बोटीची कड धरून मागे झुकायचं, शीड हळूहळू पाण्यातून सुटतं.

रेसमधे उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची. सिग्नल रेस सुरू व्हायच्या ५, ४ आणि १ मिनिट आधी होतात, घड्याळ लावा.

पावसाळ्यात वारा भारी असतो पण धरणाचे दरवाजे उघडले असतील तर बोट काढायचीच नाही, लाईफ जॅकेट असलं तरी नाही. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत आटपा.