या चुका टाळा : रक्तदाबाला हृदय कसा प्रतिसाद देते हे मोजताना

रक्तदाब वाढला की कॅरोटिड सायनस (मानेतील धमनीचा फुगीर भाग) आणि महाधमनीची कमान येथील दाबसंवेदी चेतातंतू मेंदूला वर्दी देतात आणि ठोके मंदावतात. दाब उतरला की ते जलद होतात. या प्रतिक्षिप्त क्रियेची, म्हणजे बॅरोरिफ्लेक्सची, संवेदनशीलता औषध न टोचता, निवांत पडलेल्या व्यक्तीच्या दाबातील आपसूक चढउतारांवरूनही काढता येते. सलग तीन किंवा अधिक ठोक्यांत सिस्टोलिक (वरचा) दाब आणि ईसीजीवरील आर-आर अंतर (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील वेळ) दोन्ही वाढत किंवा दोन्ही घटत गेलेले क्रम शोधायचे आणि त्यांचा सरासरी उतार घ्यायचा, म्हणजे दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने बदलल्यास अंतर किती मिलिसेकंदांनी बदलते ते. गणित संगणक करतो. चूक बहुधा त्याच्या हाती दिलेल्या नोंदीत असते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते श्वासाकडे. क्रम शोधण्याऐवजी चढउतारांचे वारंवारतेनुसार विश्लेषण करताना ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा पट्टा वापरतात, आणि मिनिटाला ९ पेक्षा कमी श्वास घेणाऱ्याचे श्वासामुळे होणारे चढउतारही नेमके याच पट्ट्यात उतरतात. प्राणायामाचा सराव असलेल्यांची चाचणी घेताना तर श्वासाची नोंद नसेल, तर आलेल्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही.

बोटाला लावलेल्या दाबपट्टीने दाब नोंदवताना हात हृदयाच्या पातळीवर स्थिर हवा. हात १० सेंटिमीटर खाली असल्यास दाब सुमारे ७ ते ८ मिलिमीटर जास्त दिसतो. तो फरक कायम राहिला तर उतार फारसा बिघडत नाही, पण मध्येच हात हलला तर खोटा चढ तयार होतो. अकाली ठोका वगळून रिकामी जागा सरळ रेषेने भरणे ही त्याहून घातक चूक आहे, कारण ती रेषाच सलग वाढीचा क्रम म्हणून मोजली जाते.

ईसीजी सेकंदाला २५० नमुन्यांनी घेतल्यास दोन नमुन्यांत ४ मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि आपण शोधत असलेला बदलही जवळपास तेवढाच असतो, म्हणून १००० नमुने घ्यावेत. उतारासाठी हृदयगतीऐवजी आर-आर अंतरच वापरावे : अंतरातील १० मिलिसेकंदांची वाढ मिनिटाला ६० च्या गतीला सुमारे ०.६ ठोक्याने घटवते, तर १०० च्या गतीला सुमारे १.६ ठोक्यांनी.

एकही क्रम न सापडल्यास शून्य लिहू नये. ‘मोजता आले नाही’ असेच नोंदवावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर धोका ओळखण्यासाठी ‘अट्रामी’ अभ्यासात (१९९८) वापरलेली ३ मिलिसेकंद प्रति मिलिमीटर ही मर्यादा फेनिलएफ्रिन हे रक्तदाब वाढवणारे औषध टोचून केलेल्या चाचणीची आहे, त्यामुळे ती या आकड्यांना जशीच्या तशी लावू नये.