अलर्ट आला, मग आज सोयाबीन कापायचं का थांबायचं?

मंडळी, सोयाबीन काढणीला आलंय आणि परतीचा पाऊस पण याच दिवसात गाठतो, त्यामुळे ग्रुपवर रोज यलो नाहीतर ऑरेंज अलर्टचा फोटो पडतोय आणि खाली प्रत्येकाचा एकच प्रश्न, मग आज कापू का नको. फोटोत ते लिहिलेलं नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी रंगाचं. नुसत्या मिलिमीटरवरून रंग ठरत नाही, पाऊस यायची शक्यता किती आणि आला तर नुकसान किती हे दोन्ही धरून हवामान खातं रंग देतं. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे आता हातातलं काम सोडून जीव आणि माल सांभाळा. यलोकडे आपण सरळ दुर्लक्ष करतो, पण ऑक्टोबरमधला यलो बऱ्याचदा विजांचा असतो, आणि माणसं जातात ती विजेनेच, म्हणून रंगाखालची ओळ वाचाच.

त्या ओळीत 'तुरळक ठिकाणी' असेल तर जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव भागात, 'बऱ्याच ठिकाणी' असेल तर निम्म्याहून जास्त भागात पाऊस धरायचा. अलर्ट अख्ख्या जिल्ह्याला असतो हो. अहिल्यानगर जिल्ह्याचंच बघा, घाटातलं अकोले आणि दुष्काळी जामखेड दोन्हीला रंग एकच. म्हणून आपल्याकडे पडला नाही तर अंदाज खोटा होता असं समजून पुढचा अलर्ट सोडू नका.

वेळेचा घोळ तर सगळ्यात जास्त होतो. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात, म्हणजे १४ तारखेचा अलर्ट १५ च्या सकाळपर्यंत चालू असतो, आणि आपण मात्र तारीख बदलली म्हणून पहाटेच मजूर घेऊन शेतात.

'जोरदार पाऊस' म्हणजे २४ तासात ६४.५ मिमीच्या वर. एका एकरात हे पाणी साधारण २ लाख ६० हजार लिटर होतं, दहा हजार लिटरचे २६ टँकर! एवढं पाणी सुडीच्या, म्हणजे कापून रचलेल्या सोयाबीनच्या ढिगाच्या, बुडाशी साचलं तर खालच्या शेंगांना कोंब फुटणारच. म्हणून ऑरेंज दिसला की नवीन कापणी थांबवा, जे कापून पडलंय ते आधी गोळा करा, सुडी उंचवट्यावर लावा, चारी बाजूने चर काढा आणि ताडपत्रीची टोकं दगडाने दाबा, कारण पावसाआधी वाराच ती उडवतो. पण माल ओला असताना ताडपत्री दिवसभर बंद ठेवू नका, आत वाफ धरून बुरशी लागते, ऊन पडलं की लगेच उघडा. यलो असेल आणि शेंगा पूर्ण वाळल्या असतील तर काम थांबवायची गरज नाही, फक्त दुपारच्या आत उरकेल आणि झाकता येईल एवढंच कापा.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या सरकारी हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाईलमध्ये घ्याच, आपल्या भोवती २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज कुठे पडतेय ते कळतं. नेट नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीस सेकंदाच्या आत आवाज आला तर शेत सोडा आणि पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत बसा. झाडाखाली नको, उघड्या ट्रॅक्टरवर नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जायचं नाही, कितीही काम राहिलेलं असो.

आणि ग्रुप अ‍ॅडमिन, पोलीस पाटील, कृषीमित्र या सगळ्यांना कळकळीची विनंती, नुसता रंगीत नकाशा टाकू नका. खाली दोन ओळी मराठीत लिहा, म्हणजे 'आज दुपारी ३ ते रात्री ९, आपल्या जिल्ह्यात विजा आणि वादळी वारा, कापलेला माल २ च्या आत झाका, शेळ्या घरी आणा' असं. वर तारीख टाका, कारण मागच्या आठवड्यातला फोटो आजही फिरतोय. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तेच देवळाच्या भोंग्यावरून दोनदा सांगा.